गाडी मळवण्याची पूर्वतयारी

जी गाडी माहितीपत्रकात परदेशातल्या एखाद्या बर्फाळ ओढ्यातून पाणी उडवत निघालेली असते आणि प्रत्यक्षात बाणेर ते हिंजवडी यापलीकडे क्वचित गेलेली असते, तिच्या मालकासाठी हे मार्गदर्शन आहे. ऑडी क्यू५, व्होल्वो एक्ससी६०, मर्सिडीज जीएलसी या गोत्रातली कोणतीही चालेल. थार, जिम्नी आणि जुन्या जिप्सीवाल्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्या गाड्यांना लो रेंजचा गिअर असतो, आणि तो असला की माणूस मार्गदर्शन घेत नाही, थेट दोरखंड मागवतो.

आपल्या गाडीला लो रेंज नाही. पोटाखालची मोकळी जागा सुमारे २०० मिलिमीटर आहे. पुढच्या बंपरला खाली एक ओठ आहे, ज्याला शोरूममध्ये ‘स्पोर्टी’ म्हणतात आणि पहिल्या बांधावर ‘गेला’ म्हणतात. या तिन्ही गोष्टी बदलता येण्यासारख्या नाहीत. बदलता येतात ती चाकं, म्हणून ऑफ-रोडिंगची आपली सगळी भक्ती चाकांच्या चरणी वाहिलेली असते.

टायरच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी आपण नक्की कुठे जाणार आहोत, याबद्दल स्वतःशी एकदा खरं बोलून घ्यावं. मुळशी नाहीतर पानशेतच्या बाजूला मित्राचं फार्महाऊस असतं आणि त्याच्या फाटकापासून ओट्यापर्यंत मुरमाचा रस्ता असतो. बऱ्याच जणांचं ऑफ-रोडिंग तेवढ्यातच सुरू होऊन संपतं. त्याच रस्त्याने दूधवाल्याची स्कूटर रोज किटल्या घेऊन जाते. तिथे कंपनीने दिलेले टायर पुरतात. पण असं स्पष्ट सांगितलं तर टायरवाल्याचा धंदा आणि आपला उत्साह दोन्ही बसतात, म्हणून हा मुद्दा इथेच सोडू. कोकणातली पुळण किंवा मराठवाडा-विदर्भातली पावसाळी काळी माती मनात असेल, तर मात्र बसून गणित करायला हवं.

गणित टायरच्या कडेवरच कोरलेलं असतं. २५५/४५ आर२० १०१ डब्ल्यू असं समजा. २५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के इतकी बाजूच्या रबराची उंची. हिशेब केला तर जेमतेम ११५ मिलिमीटर. २० हा रिमचा व्यास, इंचांत. १०१ या आकड्याचा अर्थ एक टायर ८२५ किलो पेलतो, आणि डब्ल्यूचा अर्थ ताशी २७० किलोमीटरपर्यंत त्याची हमी आहे. ही हमी घेऊन आपण चांदणी चौकात ब्रेकवर पाय ठेवून उभे असतो.

आता याच गाड्यांना बसणारी इतर मापं बघावीत. १९ इंची रिमवर २३५/५५ आला की रबर १२९ मिलिमीटर. १८ इंचीवर २३५/६० आला की १४१. आणि १७ इंचीवर २३५/६५ आला की १५३. बाहेरून मोजलं तर चारही चाकांचा व्यास ७४० मिलिमीटरच्या आसपासच येतो. एकूण उंची तीच. रिम वाढला तेवढं रबर आटलं. दगडाचा, खड्ड्याचा धक्का सोसायचं काम ते रबर आणि त्याच्या आतली हवा करते. अलॉय धक्का सोसत नाही, तडकतं.

इथे मालकाने मन घट्ट करावं. शोरूममध्ये लहान चाकं बेस व्हेरियंटला मिळतात आणि मोठी टॉपला. म्हणजे टॉपसाठी जे काही लाख आपण आनंदाने जास्त मोजले, त्यांतल्या चाकांच्या वाट्याच्या रकमेत आपल्याला ३८ मिलिमीटर रबर कमी मिळालं. चिखलात जायचं तर टॉपच्या मालकाने बेसची चाकं विकत घेऊन बसवायची, असा या शास्त्राचा निष्कर्ष आहे. यातून होणाऱ्या दुःखावर टायर उद्योगाने अजून काही काढलेलं नाही. पार्किंगमध्ये शेजारचे काका हमखास विचारतील, “काय हो, गाडी बदललीत? बेस घेतलीत वाटतं!” याचं उत्तर आधी पाठ करून ठेवावं. त्यात ‘साइडवॉल’ हा शब्द निदान तीनदा यायला हवा आणि आवाज शांत राहायला हवा.

लहान रिम घ्यायचा ठरला की ब्रेक आडवे येतात. पुढचा कॅलिपर मोठा असेल तर १७ इंची रिम त्याच्यावरून जातच नाही, आणि बऱ्याच जणांची यात्रा १८ वर थांबते. थांबू द्यावी. मग बोल्टांचं वर्तुळ. ऑडी आणि मर्सिडीजला पाच बोल्ट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, व्होल्वोला १०८ च्या, लेक्सस आरएक्सला ११४.३ च्या. “चार मिलिमीटरने काय होतंय!” म्हणणारा जाणकार दुकानाबाहेर चहा पीत उभा असतोच, त्याला तो प्रयोग त्याच्या गाडीवर करायला सांगावा. रिमच्या मधलं भोक हबवर नेमकं बसायला हवं. ते मोठं असेल तर मध्ये रिंग घालावी लागते, नाहीतर चाक बोल्टांवर लटकतं आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. बोल्टाच्या बुडाचा आकार तर कुणी बघतच नाही. ऑडी-मर्सिडीजच्या मूळ बोल्टाचं बूड गोल असतं, बाजारातल्या अनेक रिमना ते शंकूसारखं निमुळतं लागतं. चुकीचा बोल्ट हाताला घट्ट लागतो आणि रस्त्यावर ढिला होतो. ही एक गोष्ट मी विनोदाने लिहिलेली नाही.

दुकानात संवाद साधारण असा होतो.

“हे आपल्या गाडीला बसतं का?”

“बसवून देतो ना साहेब.”

‘बसतं’ आणि ‘बसवून देतो’ यांच्यामध्ये एक स्पेसर असतो. तो घातला, किंवा कमी ऑफसेटचा रिम घेतला, की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं आणि गाडी रुंद खांद्यांची दिसते. बेअरिंगवर ताण येतो तो दिसत नाही. शिवाय अशा चाकाने उडवलेला चिखल मडगार्डला न जुमानता दारांवर, आरशांवर आणि मागच्या काचेवर पसरतो. ज्यांचा मूळ उद्देशच तो आहे, त्यांनी बेअरिंगचा खर्च जाहिरातखात्यात टाकावा.

टायरची नक्षी तीन प्रकारची. एचटी म्हणजे डांबरासाठी, एमटी म्हणजे चिखलासाठी, आणि एटी म्हणजे ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांच्यासाठी. आपण एटी घ्यावा. एमटी या गाड्यांच्या मापात जवळपास मिळतच नाही, आणि मिळाला तरी डांबरावर इतका घोंघावतो की केबिनमध्ये शांतता राहावी म्हणून कंपनीने लावलेल्या दुहेरी काचांचा अपमान होतो. एटीही एचटीपेक्षा बहुधा जड असतो, पेट्रोल थोडं जास्त पितो आणि ओल्या रस्त्यावर थांबायला थोडं जास्त अंतर घेतो. द्रुतगती मार्गावर पावसात निघताना एवढं लक्षात ठेवलं तर पुढचा लेख वाचायला आपण असाल. वेगाचं अक्षर एक-दोन पायऱ्या उतरलं तर ताशी २७० चं स्वप्न मागे पडेल. वजनाचा आकडा मात्र गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये.

काही एटीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची चांदणी अशी खूण असते. बर्फावर पकड तपासून घेतल्याची ती निशाणी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तेवढ्यासाठी ही चांदणी हवी असेल तर अवश्य घ्यावी.

काळ्या मातीचं प्रकरण वेगळं आहे. रेगूर मृदा ओली झाली की फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचांत जाऊन बसते. थोड्या अंतरात एटीच्या सगळ्या खाचा भरतात आणि कालच विकत घेतलेल्या टायरचा गोटा होतो. एमटीच्या रुंद खाचांतून माती भिरकावली जाते, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं. आपल्या गाडीचं असं की चाक जागच्या जागी फिरतंय म्हटल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद काढून घेतो. तो बंद करायचं बटण टचस्क्रीनच्या आत कुठेतरी दडलेलं असतं. ते गावाला जाण्याआधी, घरच्या पार्किंगमध्ये, कोरड्या बोटांनी शोधून ठेवावं. जाणकारांची पद्धत याहून सोपी आहे: त्या भागातले शेतकरी पावसाळ्यात मोटारसायकल डांबरी सडकेवर लावून शेतात चालत जातात. टायर निवडण्याचा हाही एक मान्यताप्राप्त प्रकार समजावा.

मोठा टायर घालून गाडी उंच करावी, हा विचार प्रत्येकाला एकदा सुचतो. टायरचा व्यास २० मिलिमीटरने वाढला तर गाडी उचलली जाते १०, कारण उरलेले १० चाकाच्या वरच्या अर्ध्यात जातात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासून आपलं अस्तित्व कळवतात. स्पीडोमीटरही मग खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. तेव्हा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत छापलेली मापं हीच आपली लक्ष्मणरेषा.

आता सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपायाकडे येऊ: हवा काढणे. ३५ पीएसआयचा टायर वाळूत १८ ते २० वर आणला की तो पसरतो, वाळूवर टेकणारा भाग लांबतो आणि गाडी रुतण्याऐवजी तरंगल्यासारखी चालते. १५ च्या खाली गेलं तर टायर रिमवरून सुटायची भीती. हा प्रयोग १७-१८ इंची चाकांवरच करावा. विशीच्या चाकातली हवा काढली तर रिम आणि दगड यांच्यामध्ये उरतं ते निव्वळ सौजन्य. वाळूतून बाहेर आल्यावर डांबरावर वेग घेण्याआधी हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवावा, कारण अशा टायरवर पेट्रोल पंप शोधत फिरणं म्हणजे तो तापवून फोडणं. हवा कमी केल्याबरोबर डॅशबोर्ड पिवळा दिवा लावून, घंटी वाजवून कळवळून सांगू लागतो. त्याला समजावायच्या फंदात पडू नये. हा उपाय फारसा कुणी करत नाही. काढलेली हवा फोटोत येत नाही, हे एक कारण असावं.

किनाऱ्याबद्दल आणखी एक. अनेक ठिकाणी पुळणीवर गाडी घालायला बंदी आहे आणि ती मोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात. जिथे मुभा आहे तिथे निदान समुद्राचं वेळापत्रक बघावं. कोकणात त्यासाठी ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. हॉटेलात जेवण लांबवणाऱ्या मंडळींनी नेमका हाच मुहूर्त साधलेला असतो.

स्टेपनीबद्दल बोलायचं तर ती आहे का, हे आधी डिकीचा तळ उचलून बघावं. २०२० पासून नियमही सैल झाला आहे: ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर मोटारीला स्टेपनी नसली तरी चालतं. किटमधला चिकट द्रव खिळ्याने पडलेलं भोक बुजवतो. बाभळीच्या काट्यावरही तो चालेल. पण घाटातल्या काळ्या खडकाने टायरची बाजू चिरली तर त्याला कोणताच द्रव पुरत नाही आणि कोणताही पंक्चरवाला हात लावत नाही. काही गाड्यांत बारीक स्टेपनी असते, जिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते. तिच्यावर घरी यावं, चिखलात परत जाऊ नये: चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या घेराचं असलं की आतला क्लच किंवा डिफरन्शियल सतत झिजत राहतं. म्हणूनच एटी घेताना चार नव्हे, पाच घ्यावेत, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. कडेवरचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदाराने “एकदम फ्रेश माल आहे साहेब” म्हटलं की वाकून ते आकडे वाचावेत.

काढलेली विशीची चाकं फ्लॅटमध्ये कुठे ठेवायची, यावर अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. गॅलरीत ठेवली तर वाळत घातलेल्या कपड्यांना रबराचा वास लागतो, माळ्यावर चढवायला दोन माणसं लागतात. खंडेनवमीला मात्र त्यांची सोय होते; घरात दुसरी अवजारं नसली तर झेंडूची माळ त्यांनाच घालता येते.

शेवटी घरी परतल्यावरचा शिष्टाचार. गाडी लगेच धुऊ नये, असं मानणारा एक मोठा संप्रदाय आहे. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल चाकाचा तोल बिघडवतो, आणि ताशी ९० ला स्टिअरिंग थरथरू लागलं की माणूस अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन नसलेला दोष दुरुस्त करून घेतो. म्हणून पाण्याचा फवारा आधी आतून मारावा, चाकाभोवती फिरून, चिखलाची ढेकळं पडेपर्यंत. दारांवरचा चिखल सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत तसाच राहू दिला तरी यांत्रिकदृष्ट्या हरकत नाही.