दिवसाच्या बोलीवर

कंजूष माणूस यंत्र भाड्यानं आणत नाही. तो शेजाऱ्याकडून उसनं मागतो आणि परत करायला विसरतो. हौशी माणूस ते विकत घेतो, दोनदा वापरतो आणि पडवीत गंजवतो. या दोघांच्या मधली एक जमात आहे. ती रीतसर पावती फाडून, अनामत भरून, आधारकार्डाची झेरॉक्स देऊन वस्तू दिवसाच्या बोलीवर आणते आणि मग त्या दिवसातलं एक मिनिटही त्या वस्तूला, स्वतःला किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्वस्थ बसू देत नाही. आमच्या वाडीतले आप्पा या जमातीचे अध्वर्यू.

आप्पांनी सगळी नोकरी डोंबिवलीहून लोकलनं केली. तिमाही पास. पण रविवारी ऑफिस नसायचं आणि पास तर रविवारीही चालायचा, ही बोच त्यांना आयुष्यभर होती. म्हणून दर रविवारी ते जेवण झाल्यावर ठाण्यापर्यंत जाऊन, फलाटावर चहा पिऊन परत येत. ‘कुठे गेला होतात?’ असं विचारलं, तर ‘पास होता,’ एवढंच उत्तर. निवृत्तीनंतर दापोली तालुक्यात, हर्णैपासून जवळच, वडिलार्जित घरी येऊन राहिले. पास संपला, पण वृत्ती बरोबर आली.

इथे त्यांना तालुक्याच्या गावी अवजारं भाड्यानं देणारं दुकान सापडलं. ग्रास कटर, पाण्याचा पंप, जनरेटर, चेनसॉ, ड्रिल, शिडी, ताडपत्री. प्रत्येकाचा दर भिंतीवर रंगवलेला, खाली ठळक अक्षरांत ‘दिवस म्हणजे सकाळी ९ ते संध्याकाळी ६’. ही ओळ आप्पांनी जितक्या श्रद्धेनं वाचली तितक्या श्रद्धेनं त्यांना मी देवळातही हात जोडताना पाहिलेलं नाही.

पहिलं प्रकरण कुंपणाचं. आप्पांच्या वाडीला तीन बाजूंनी जांभ्याचा गडगा आहे. उत्तरेची बाजू मात्र उघडी. पूर्वी तिथे वई असायची, गिरिपुष्पाच्या फांद्या रोवलेली. फांद्या पहिल्या पावसात फुटत आणि वर्षाला आणखी दाट होत. पण ती निगा राखायला माणूस लागतो, आणि माणसं सगळी डोंबिवलीत. त्यामुळे भातकापणी झाली की गावातली मोकाट गुरं त्या वाटेनं आत येत आणि रात्री रानडुकरं. शिवाय त्या बाजूला आप्पांचा चुलतभाऊ. त्याच्याशी बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. कारण दोघांनाही नीट आठवत नव्हतं, पण बांधावरच्या एका रामफळापाशी कुठेतरी ते सुरू झालं होतं, एवढं नक्की. आप्पांनी भूमी अभिलेख खात्याकडे पैसे भरून मोजणी आणली, हद्दीचे दगड बसवून घेतले आणि सिमेंटचे सात फुटी खांब उतरवले. आठ-आठ फुटांवर खांब, सत्तावीस खड्डे, प्रत्येक दोन फूट खोल.

गडी म्हणाला, ‘दोन दिवसांत पहारीनं पाडतो.’ आप्पांनी खड्डे पाडायचं यंत्र आणलं. आडव्या दांड्याच्या मधोमध पेट्रोलचं इंजिन, खाली आठ इंची मळसूत्र. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरायचं आणि मध्ये भोक पडत जायचं. आठशे रुपये दिवस. दुकानातल्या पोरानं बजावलं होतं, पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल घाला आणि मुळाला अडकलं तर लगेच सोडा. ऑइल आप्पांनी औषधाच्या मापानं मोजून घातलं. दुसरी सूचना ते विसरले. पाचव्या खड्ड्यात मळसूत्र काजूच्या मुळाला अडकलं, थांबलं, आणि मळसूत्राऐवजी आप्पा फिरले. अर्धा फेरा. ‘काही नाही, ताकद आहे मशिनीत,’ असं म्हणत त्यांनी चष्मा शोधला.

खालच्या अंगाची माती भुसभुशीत. तिथले एकोणीस खड्डे अकराच्या आत झाले. वरच्या अंगाला जांभा. तिथे यंत्र नुसतं नाचलं, धुरळा उडवला आणि आप्पांची कवळी हलवून थांबलं. ते आठ खड्डे शेवटी गड्यानं पहारीनंच पाडले. यंत्राचं काम संपलं तेव्हा वाजले होते साडेअकरा.

सहाला साडेसहा तास बाकी!

सामान्य माणूस यंत्र धुऊन पुसून बाजूला ठेवतो आणि जेवतो. आप्पा यंत्राकडे बघत पानावर बसले आणि आमटी न घेताच उठले. मग ते वाडीत हिंडायला लागले. पुढे मशीन घेऊन गडी, मागे आप्पा. ‘खड्डा हवाय का?’

काय उत्तर देणार? कुणालाच खड्डा नको असतो, पण फुकट मिळत असला तर नाही म्हणायला जीव होत नाही. एकीनं धुणं वाळत घालायला दोन खांबांचे पाडून घेतले. पोरांनी व्हॉलीबॉलच्या जाळीसाठी मागितले. जाळी आजतागायत आलेली नाही. एकाला नारळाचं रोप लावायचं होतं. नारळाला मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल खड्डा लागतो, आठ इंची भोकाचा तिथे काय उपयोग? पण आप्पांनी एकाला एक लागून इतकी भोकं पाडली की तिथे उकरून ठेवलेलं रताळ्याचं शेत दिसायला लागलं. देवळाच्या आवारात त्यांनी एक खड्डा ‘पुढेमागे लागेल’ म्हणून पाडला. त्यात सरपंचांची चप्पल गेली, पायासकट. आमच्या अंगणात मी नको म्हणत असताना, मी आत चहा सांगायला गेलो तेवढ्यात एक पडला. ‘अरे, जाहिरातीचा बोर्ड लाव,’ म्हणाले. ‘कसली जाहिरात?’ ‘ते नंतर बघ.’

पाच वाजता उरला होता फक्त चुलतभाऊ. आप्पा बांधावर उभे राहिले. अलीकडे सकाळीच रोवलेले खांब, पलीकडे तो, सुपारी सोलत बसलेला. अकरा वर्षांचं मौन एकीकडे आणि तासाभराचं उरलेलं भाडं दुसरीकडे. ‘तुझ्या बाजूला दोन पाडून देऊ का रे?’ आप्पा म्हणाले. तो थोडा वेळ तसाच बघत राहिला. मग उठून आत गेला आणि मोजणीचा नकाशा घेऊन आला. ‘कुठे पाडणार?’ ‘कुठंही.’ ‘कुठंही म्हणजे?’ ‘तुझ्या जमिनीत, तुझ्या मर्जीनं. मला सहापर्यंत मशीन आहे.’ त्यानं नकाशा उलटा-सुलटा करून त्यात डाव कुठे आहे ते शोधलं. सापडला नाही. शेवटी केळीसाठी चार खड्डे पाडून घेतले. आता ते बोलतात. भाऊबंदकी मिटवायला तंटामुक्ती समितीनं दोन बैठका घेतल्या होत्या, त्यात चहा माईंनीच, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, केला होता, आणि निष्पन्न शून्य. हे माझ्या मनात येतं, पण माईंसमोर मी बोलत नाही. कारण माई या विषयावर दुसरी बाजू मांडतात. त्या म्हणतात, ‘हे मशीन आणत नाहीत. मशीन यांना आणतं, नऊ ते सहा.’

चेनसॉचं प्रकरण लवकर आटपलं, तेही माईंमुळेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हापासून पावसाळ्याआधी छपरावरच्या फांद्या उतरवायची धास्तीच बसली आहे सगळ्यांना. त्या वर्षी नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, वर टाळेबंदी. चेनसॉ कुठे मिळेल, हा प्रश्न तेव्हा म्हाताऱ्या बायकाही विचारत होत्या. तर आप्पांनी मे महिन्यात चेनसॉ आणला, पडवीवर आलेल्या दोन फांद्या पाच मिनिटांत उतरवल्या आणि उरलेल्या दिवसासाठी परसातल्या फणसाकडे नजर वळवली. सासूबाईंनी लावलेला फणस. माई खुर्ची घेऊन त्याच्या बुंध्याशी बसल्या. ‘फणस १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीचा कागद दाखवा,’ म्हणाल्या. हे त्यांना कुणी सांगितलं होतं ठाऊक नाही, पण होतं बरोबर. आप्पांनी मग गावातली जळाऊ लाकडं चिरून दिली. ज्यांच्याकडे गॅस होता त्यांचीही.

खरा कस लागला तो बिपरजॉयमध्ये. २०२३चा जून. ६ तारखेला अरबी समुद्रात वादळ उठलं, बंदरावर बावटा चढला. मासेमारीची बंदी १ जूनपासूनच असल्यानं होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या. लोकांनी आपापली तयारी केली. पाडेल्याला बोलावून सुके नारळ आणि वाळलेली झापं उतरवली, कौलांवर वाळूच्या गोण्या ठेवल्या, मेणबत्त्या आणल्या. आप्पांनी जनरेटर आणला. अडीच केव्हीएचा, पेट्रोलचा, सहाशे रुपये दिवस. दुकानातल्या पोरानं सहज म्हटलं, ‘आठवड्यानं घेतलात तर साडेतीन हजार.’ सात सक बेचाळीस. सातशे वाचतात! आप्पांनी ९ तारखेला आठवडाभरासाठी उचलला.

वायरमननं येऊन नीट जोडून दिला. मेन स्विच बंद केल्याशिवाय जनरेटर चालू करायचा नाही, नाहीतर करंट उलटा लाइनवर जाऊन खांबावर चढलेला माणूस मरेल. आणि यंत्र घरात ठेवायचं नाही, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसला तरी जीव जातो. दोन्ही गोष्टी आप्पांनी तंतोतंत पाळल्या. जनरेटर आंब्याखाली, पत्र्याच्या आडोशाला. आता फक्त वादळ यायचं बाकी होतं.

ते येईना. समुद्रात लांबच लांब घोटाळत राहिलं. ११ तारखेला मोसमी पाऊस रत्नागिरीपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं आणि तो तिथेच अडून बसला. लाटा उंच, आभाळ दाटलेलं, अंगाला चिकचिक. पण वारा बेताचा आणि वीज चोवीस तास. वर्षभर शिंक आली तरी जाणारी वीज त्या आठवड्यात हलेना. आप्पा दर तासाला बल्बकडे बघत. वीज कंपनीच्या कार्यालयात फोन करून त्यांनी विचारलं, ‘आज लाइट जाणार आहे का?’ पलीकडचा माणूस तक्रारीला तयार होता. ‘नाही काका, सप्लाय व्यवस्थित आहे.’ ‘का?’ आप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवसापासून त्यांनी उपाय काढला. संध्याकाळी सात वाजले की घरचा मेन स्विच बंद करायचा आणि जनरेटर सुरू. सगळ्या वाडीत शांतता, दिवे लागलेले, टीव्हीवर मालिका, आणि आप्पांच्या आवारात घरघर. शेजारी फोन करून विचारत, ‘तुमच्याकडे गेलीय का?’ ‘नाही, आम्ही घालवलीय,’ माई सांगत. आठवड्याचं भाडं वसूल व्हायचं म्हणून माईंनी त्या आठवड्यात मिक्सरवर वर्षाचं तिखट, मेतकूट आणि तीन घरांची डाळ दळली. पंप चालवून हौद भरला, उपसला, पुन्हा भरला. शेजारच्या पोरांचे मोबाइल चार्ज झाले. दोघांचे आधीच पूर्ण चार्ज होते, तरी लावले.

माई हिशेबाच्या पक्क्या. त्यांनी एकदा कॅलेंडरच्या मागे मांडून दाखवलं: पेट्रोल लिटरला शंभरच्या वर, लिटरभरात जेमतेम दोन युनिटं, म्हणजे युनिटला पन्नासच्या वर, भाडं वेगळं. खांबावरची वीज याच्या पाचव्या हिश्शात. आप्पांनी कागद नीट वाचला. ‘भाडं वेगळं कशाला धरतेस? ते तर भरून झालं,’ म्हणाले. माईंनी कॅलेंडर परत भिंतीला लावलं. ‘वादळ परवडलं, तुमची तयारी नको.’

१५ तारखेला आठवडा संपला. आप्पा रिक्षातून जनरेटर घेऊन दुकानात पोचले ते चारला. नियम असा, की टाकी रिकामी करून द्यायची. पोर म्हणाला, ‘राहू दे काका, अर्धा लिटर आहे, मी काढतो.’ अर्धा लिटर! आप्पांनी दुकानासमोरच्या अंगणात जनरेटर मांडला आणि चालू केला. त्याच्यावर काय लावायचं? दुकानातला टेबल फॅन, मग टीव्ही. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, वादळ कच्छमध्ये जखाऊ बंदराकडे निघालंय, संध्याकाळी किनाऱ्याला लागेल. आप्पा खुर्चीत बसून, पंख्याच्या वाऱ्यात, स्वतःच्या पेट्रोलवर ते वादळ बघत होते. वादळात जनरेटर वापरायचा त्यांचा शब्द असा खरा झाला.

तेवढ्यात एक हॉटेलवाला आला. मुलीच्या साखरपुड्याला जनरेटर हवा होता, पण चालतो की नाही याची शंका. समोर चालताना पाहून त्यानं जागच्या जागी दोन दिवसांचे पैसे मोजले. तो गेल्यावर आप्पांनी पोराला जवळ बोलावलं. ‘गिऱ्हाईक कुणी पटवलं?’

‘काका, ते स्वतः आले.’

‘मशीन कुणाच्या पेट्रोलवर चालू होतं?’

पोरानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि गल्ल्यातून पन्नासची नोट काढून दिली. आप्पांनी नोट उलटी-सुलटी करून बघितली, मग भिंतीवरचे दर बघितले, मग घड्याळ. साडेचार झाले होते.

‘शिडी पन्नास ना रे?’

‘हो, पण काका, सहाला आणून द्यावी लागेल. दीड तासच आहे.’

‘दीड तास आहे,’ आप्पा म्हणाले, नोट त्याच्या हातात परत ठेवली, रिक्षावाल्याला टपावर दोर बांधायला सांगितलं. रिक्षावाल्यानं विचारलं, ‘कुठे चढायचंय आप्पा?’

‘तू चल तर. वाटेत बघू.’