नॉनस्टॉप नाना

भिवंडीत माणसाची चौकशी दोन प्रश्नांत आटोपते: माग किती आणि गोदाम कुठे? नानांकडे दोन्ही नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात दुसऱ्याचे तागे मोजण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना. त्यात मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, आणि नाना आकाश मोजू लागले.

"मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर," हे ते न विचारता सांगतात. मग कपाटावरचा पृथ्वीगोल खाली येतो. खिशातून सुताचा तुकडा निघतो. नानांचा खिसा आजही सुताशिवाय नसतो. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताण द्यायचा. सूत सरसर वर चढतं आणि रशिया, नॉर्वे करत थेट आइसलँडला खेटतं. "बघा! नकाशात वाटतं, अरबस्तानावरून सरळ गेलं की झालं. नकाशा फसवतो, सूत नाही." पाहुण्याचा चहा तोवर गार.

ताशी ९०० किलोमीटरने हिशेब १४ तासांचा होतो. पण जाताना पंधरा-सोळा लागतात, कारण वर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि विमानाला तो अंगावर घ्यावा लागतो. येताना तोच पाठीशी. सिंगापूरहून न्यूयॉर्कला १५,३०० किलोमीटरच्या वर एका दमात जातात, हे दूधवाल्यालाही पाठ झालंय. नाना स्वतः अजून विमानात बसलेले नाहीत. कान दुखतात म्हणे.

एकच प्रश्न त्यांना विचारू नये. "नाना, अंजूरफाट्यावरून मानकोलीला किती वेळ?" नाना चष्मा काढून पुसतात. "कंटेनर किती आडवे आहेत त्यावर," एवढंच बोलतात. खरं तर भिवंडीत याहून नेमकं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

गेल्या हिवाळ्यात लेक यायची होती. "थंडीत वरचा वारा जोरात असतो, विमान अर्धा तास आधी उतरणार," नानांनी आळीभर सांगून ठेवलं. उतरलंही. विमानतळ ३५-४० किलोमीटरवर, म्हणून नाना हिशेबाने निघाले होते. त्या घटकेला ते मानकोली नाक्यावर दोन कंटेनरांच्या मध्ये होते.

"बाबा, मी सामान घेऊन बाहेर उभी आहे. कुठे आहात?"

"ते राहू दे. चाकं कितीला टेकली?"

"बाबा!"

"सांग तरी गं."

"पस्तीस मिनिटं आधी."

नाना ड्रायव्हरकडे वळले. "ऐकलंस? मी तीसच म्हणालो होतो!"

ड्रायव्हरने इंजिन कधीच बंद केलं होतं. तंबाखू मळत तो म्हणाला, "भारीच, नाना. आता जरा उतरून बघता का, पुढे काय अडकलंय?"