मिरची सापडली

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

मिरची सापडली. परवा फोनवर "मिरची हरवली" ऐकून आबा "नंदुरबारहून पोतंभर पाठवतो" म्हणाले, म्हणून खुलासा करते: मिरची हे आमच्या मांजरीचं नाव.

तिच्या पट्ट्याला मुलांनी एअरटॅग लावलाय. ११ ग्रॅमची गोल टिकली, आत बटण सेल, तो वर्षभर पुरतो. आबा, या टिकलीत जीपीएस नसतो. आपण कुठे आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नसतं. ती ब्लूटूथवर नुसती साद घालत बसते. जवळून कुणी आयफोनवाला गेला की त्याचा फोन ती साद ऐकतो आणि ठिकाण परस्पर आम्हाला कळवतो. त्या बापड्याला याची खबरही नसते. म्हणजे मांजर शोधायचं काम करते ती रस्त्यावरची वर्दळ.

वर्दळीचं म्हणणं पडलं, मिरची स्टेशनजवळच्या मासे तळणाऱ्याकडे आहे. तुमचे चिरंजीव पायजम्यावरच धावले. पण बातमी शिळी होती. बाईसाहेब केव्हाच पुढे गेल्या होत्या. मग खूण उमटली आमच्याच मागच्या गल्लीत. अगदी जवळ गेलं की फोनवर बाण दिसतो. बाण थेट एका आजींच्या दाराकडे. आजी म्हणाल्या, इथे मिरची-बिरची कुणी नाही. चिरंजीवांनी फोनवरून टॅग वाजवला. सोफ्यावरच्या गोधडीखालून टीं-टीं! आजी कानातलं यंत्र काढून झटकू लागल्या. तेवढ्यात गोधडी हलली आणि आळस देत मिरची बाहेर. आजींनी तिचं नाव डेझी ठेवलंय म्हणे, आणि रोज सॅमन मासा खाऊ घालतात. आता सकाळी मिरची, दुपारी डेझी, असा तह झालाय.

तिच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिपही आहे. इंग्लंडात १० जून २०२४ पासून मांजरींना ती सक्तीची. नसली तर ५०० पौंडांपर्यंत दंड. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून आपल्याकडे कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद झाली. म्हणजे आपल्या लाली गाईच्या १२ आकडी पिवळ्या बिल्ल्याची आणि हिच्या १५ आकडी चिपची भावकीच. जनावर कुणाचं ते दोन्ही सांगतात. कुठे आहे, त्यावर दोघांचीही मिठाची गुळणी.

म्हणून आबा, लालीसाठी टॅग पाठव म्हणालात. पण ती चरते तोरणमाळच्या पायथ्याला. तिथल्या सागाच्या रानात आयफोन घेऊन कोण फिरतंय? तिची घाटी ऐका, गुराख्याला विचारा, नाहीच तर कोंडवाडा बघा. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेतलात तर गोष्ट वेगळी. त्या गर्दीत फोनांना तोटा नाही. टॅगचा खर्च आमच्याकडे.

आपली,
सूनबाई

ता. क. (फक्त आईंसाठी, आबांनी मोठ्यानं वाचताना हे गाळावं.) आई, तुम्ही हळूच म्हणालात, लालीचं राहू दे, एक टॅग यांच्याच बंडीत टाकू, शेतावर जातो म्हणतात आणि सापडतात म्हसावदला चहाच्या टपरीवर. तो बेत रद्द करा. परका टॅग सोबत फिरू लागला की हल्ली आयफोनच काय, अँड्रॉइडसुद्धा चुगली करतो. त्यापेक्षा टपरीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.