दंड ठरवून घ्या!

सुरतच्या पर्वत पाटियाच्या आसपास, लिंबायत-डिंडोलीपर्यंत, खान्देशी माणसं दाट वस्तीने राहतात. सणासुदीला, लग्नसराईत त्यांना गावाची ओढ लागते आणि त्याच सुमारास खासगी बसचं भाडंही अंगात आल्यासारखं वागू लागतं.

कायदा मात्र कडक! या खासगी बस कंत्राटी परवान्यावर धावतात आणि अशा बसने ठरलेल्या प्रवाशांखेरीज वाटेत कुणाला चढवू-उतरवू नये, असं मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो. प्रत्यक्षात नाक्यानाक्यावर ‘धुळे, धुळे, जळगाव’ असा पुकारा करून जे गोळा केले जातात, ते बहुधा पाहुणे असावेत.

अटी मोडल्या तर कलम ८६ नुसार परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. पण त्याच कलमाच्या पोटात एक उशी आहे: परवानाधारक ठरावीक रक्कम द्यायला राजी झाला, तर निलंबनाऐवजी ती रक्कम घेता येते. शिस्त लावायची, पण समोरच्याला विचारून!

वेळेच्या नियमाचीही तीच गत. सुरत शहरात अवेळी शिरणाऱ्या लक्झरी बसबद्दल वराछाचे आमदार कुमार कानाणी यांनी पोलिसांकडे लेखी तक्रार केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये बसमालकांनी उत्तर दिलं: आम्ही शहरात येतच नाही. गाड्या शहराच्या वेशीवर, वालक पाटियालाच थांबल्या. बोचकी, पोरं आणि म्हाताऱ्यांसह पुढची रिक्षा शोधायला प्रवासी निघाले.

नियम मोडला मालकांनी, शिक्षा भोगली प्रवाशांनी. त्यांना मात्र रक्कम ठरवण्याची सवलत कोणत्याही कलमात नाही.