बोरघाटातील पद्मिनी

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईहून पुण्याला नेताना एक्स्प्रेसवे टाळून जुना रस्ता धरतात. तिथे गाडी बंद पडली तर निदान चहा मिळतो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. किती वेळ लागेल हे सांगण्याची प्रथा नाही.

पद्मिनीचे उत्पादन थांबले २००० सालाच्या सुमारास. त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक पद्मिनी नोंदणीची पहिली पंधरा वर्षे ओलांडून दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला उभी राहणारी. निघण्याआधी मालक आरसी बुक आणि पीयूसी पाहतो, मग डिपस्टिक काढून ऑइल, रेडिएटरचे पाणी, फॅनबेल्टचा ताण. डिकीत प्लगपाना, पॉलिश पेपर, जादा बेल्ट, पाण्याचा कॅन आणि फडकी जातात. जागा उरली तर कपड्यांची बॅग.

पनवेलपर्यंत गाडी गुणी असते. खरा प्रवास खोपोलीनंतर सुरू होतो, कारण लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे आणि ते सगळे मीटर गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये चढायचे असतात. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलण्यासाठी बनवलेला. वाफ त्याला दाद देत नाही. गाडी दोन गचके देऊन थांबते. उपाय एकच: पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहणे. ही वाट एकट्याने पाहता येत नाही. पहिला वाटसरू प्लगवर संशय घेतो, दुसरा पॉइंटवर, तिसऱ्याच्या मते कार्बोरेटरमध्ये कचरा आला आहे. चौथ्याकडे पूर्वी पद्मिनी होती. तो गाडीविषयी काहीच बोलत नाही, फक्त बॉनेटवरून हात फिरवतो.

रेडिएटरचे झाकण उघडण्याचा सल्लाही हमखास मिळतो. झाकणामुळे आत दाब राहतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते. सल्ला देणारा किती पावले मागे उभा आहे, हे आधी पाहावे.

घाटात शिंग्रोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, अशी आख्यायिका आहे. नव्या गाड्यांतून धावताधावता नाणे टाकले जाते. पद्मिनीवाल्यांना बहुधा सावकाश दर्शन घडते. लोणावळ्याला कुटुंब चिक्कीकडे वळते आणि मालक पॉइंट घासायला बसतो. चिक्कीच्या खोक्यावर ग्रीसचे ठसे उमटतात ते इथेच.

परतीचा उतार सोपा वाटतो, पण गाडीचे ब्रेक ड्रमचे आहेत. सतत दाबले तर तापून लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. एवढ्या वाटेत फडक्यावर आणि चहावर झालेला खर्च त्यातून भरून निघत नाही.