पुट्टीचे दोन हात

दिवाळीच्या तोंडावर आम्ही घराचं रंगकाम काढलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात पुतणी राहायला आली. ती संशोधन करते. तिची गणितं सोडवणारा महासंगणक पाषाणला, आयसरमध्ये. 2019 साली बसवलेल्या या यंत्राचं नाव ‘परम ब्रह्म’. आमचं घर सदाशिव पेठेत. मधे विद्यापीठ चौक, ज्यातला उड्डाणपूल 2020 साली पाडला. ब्रह्माची वाट बिकट असते असं संत सांगून गेले, पण त्यांना निदान सिग्नल लागत नव्हता.

म्हणून ती घरूनच काम करणार होती. लॅपटॉप उघडून म्हणाली, “काका, आधी पुट्टी टाकून घेते.”

शिडीवरून रंगाऱ्याने मान वळवली. “ताई, एका हातात भागणार नाही. दोन हात लागतील.”

तिची पुट्टी वेगळी. लांबच्या संगणकाला इथे बसून हुकूम सोडायचे तर एक काळी खिडकी लागते, तिला टर्मिनल म्हणतात. टाइप आपण करायचं, राबायचं तिकडच्या यंत्राने. घरातल्या कर्त्या पुरुषांना ही कल्पना नवीन नाही. पुट्टी ही अशीच एक खिडकी. सायमन टॅथम नावाच्या इंग्रज गृहस्थांनी लिहिलेली आणि 1999 पासून फुकट मिळणारी. फुकट आणि तरी चांगली, म्हटल्यावर पेठेत तिच्याबद्दल संशय येणारच.

पुण्यात कोणी काही विकत घेतलं तर लोक किंमत विचारतात, फुकट घेतलं तर अक्कल काढतात. वरच्या मजल्यावरचा मुलगा नोकरीसाठी रोज हिंजवडीकडे निघतो. त्या दिवशी तो पोचून परतही आला होता. “पुट्टी? अजून? मोबाएक्सटर्म घे. एकाच खिडकीत टॅब, फाइली नुसत्या ओढून टाकायच्या!” त्याची बायको म्हणाली, काही घेऊच नका, लांबच्या यंत्राशी जोडणारं एसएसएच विंडोजमध्ये 2018 पासून आयतंच येतं. पुट्टीच्या घराण्यात किटी नावाचीही एक खिडकी आहे, हे ऐकून पुतणीच्या काकूने पहिल्यांदा लक्ष घातलं. तिथे भिशी नसते म्हटल्यावर ती उठून गेली. समोरच्यांकडे मॅक आहे. ते चर्चेत उतरले नाहीत, नुसते करुणेने हसले.

तीन दिवस खल चालला. अक्षर केवढं ठेवायचं, मागचा रंग काळा की गडद निळा. रंगाऱ्याने न मागता शेडकार्ड आणून दिलं.

मी एकच अट घातली, खिडकीला मराठी यायला हवं. पुतणीने माझं आडनाव टाइप केलं. अक्षर एका घरात, वेलांटी दुसऱ्या घरात, जोडाक्षराची तर रीतसर वाटणी झालेली. टर्मिनल म्हणजे चौकटींची वही, एका घरात एक अक्षर. रोमन अक्षरं अशा एकेका खोलीत मुकाट राहतात, आपली पडली एकत्र कुटुंबातली. गंमत पाहा, कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्या नावाचा मूळ अर्थच भारतीय लिपींचं टर्मिनल. ज्या गावाने देशाला हे पुरवलं, त्याच गावात माझी वेलांटी रस्त्यावर आली.

शेवटी पुट्टीच ठरली, कारण ती आधीच उतरवून झाली होती. लग्नं सोडली तर आमच्याकडचे बहुतेक निर्णय असेच होतात. लग्नंही सोडायला नकोत.

मग मांडणी. वर यंत्राचा पत्ता लिहायचा, शेजारी दाराचा क्रमांक 22. त्यालाही इतिहास आहे. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यात दबा धरून लोकांचे पासवर्ड टिपले. तेव्हा तातू यल्योनेन या संशोधकाने एसएसएच लिहिलं, ज्यात सगळं बोलणं कुलूपबंद. 21 मध्ये एफटीपी, 23 मध्ये टेलनेट नांदत होते. मधलं 22 रिकामं दिसलं, अर्ज केला, मिळालं. पेठेत मधली खोली अशी सुटली असती तर पागडी पडली असती.

पुतणीने घाईत 222 लिहिलं. उत्तर आलं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मी धीर दिला. “अगं, नकारातूनच हे सगळं उभं राहिलंय. हवा त्या ताकदीचा क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही, म्हणून 1988 साली सी-डॅक निघालं आणि 1991 साली ‘परम 8000’ तयार झाला!” तिने एक 2 खोडला. स्फूर्तीपेक्षा ते उपयोगी पडलं.

पुढे आणखी एक गोम. आपण गप्प बसलो की काही वेळाने जोडणी तुटते. म्हणून ‘कीपअलाइव्ह’च्या रकान्यात सेकंद भरायचे, मग पुट्टी अधूनमधून हुंकार देत राहते. मावशी फोनवर बोलत असताना आपण ‘हं, हं’ करतो, तेच. हे सगळं भरल्यावर ‘सेव्ह’ करायला मात्र पुन्हा पहिल्या पानावर यावं लागतं. ते लक्षात येईपर्यंत पुतणीने अर्ज दोनदा भरला होता.

आणि मग ती पाटी आली. पहिल्यांदा जोडताना पुट्टी दारातच अडवते. या यंत्राला मी ओळखत नाही, याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, खात्री असेल तरच आत जा. मला भरून आलं. इतकी पुणेरी वस्तू हेलसिंकीत कशी जन्मली? विंडोजमधली ती आयती तर आणखी कडक. नुसता ‘वाय’ टाइप केला तर परत पाठवते, ‘येस’ पूर्ण लिहा म्हणून. आणि ओळखीच्या यंत्राचा ठसा कधी बदललेला दिसला, तर मोठ्या अक्षरांत बोंब ठोकते, की कोणीतरी वाईट उद्योग करत असण्याची शक्यता आहे.

पुतणीने ठसा न वाचता ‘ॲक्सेप्ट’ दाबलं.

“अगं, पडताळलास?”

“काका, ते असंच दाबायचं असतं.”

वरच्या मुलाला विचारलं, “बदललेला ठसा दिसला तर तू काय करतोस?” तो म्हणाला, “जुने ठसे जपणाऱ्या फाइलमधली ती ओळ उडवायची. मग ओरडत नाही.” म्हणजे चोराची शंका आली की कुत्रा विकायचा.

हे कुठे, तर सदाशिव पेठेत! ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ, त्यांचाच तोतया पानिपतानंतर उभा राहिला होता. लोक त्याला भाऊ समजून मिळाले, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर 1776 साली त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ठसा पडताळायचा तो एवढ्याचसाठी. मधे कोणी तोतया यंत्र उभं केलं, तर पडद्यावर सगळं तसंच दिसतं आणि पासवर्ड मात्र त्याच्या पदरात पडतो. तो टाइप करताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही, मागे उभ्या काकाला अक्षरांची संख्याही कळू नये म्हणून. काकापासून एवढा बंदोबस्त, आणि पलीकडून कोणीही ‘मीच ब्रह्म’ म्हणालं की दार सताड उघडं. कुरिअरवाल्याला साखळी न काढता नाव, गाव, पाठवणारा विचारणारे आपण इथे मात्र ‘येस’ तीन अक्षरी का, म्हणून कुरकुरतो.

संध्याकाळी रंगाऱ्याने हातपाय धुतले आणि म्हणाला, “साहेब, न्हाणीघराच्या भिंतीला पुट्टी लावलेली नाही. आत ओल आहे. वरून कितीही गुळगुळीत केलं तरी पोपडे धरणार. आधी ओल काढा.” तीन दिवसांत टर्मिनलवर आमच्या घरात झालेलं एवढं एकच शहाणं बोलणं.

तेव्हा वाचकहो, खिडकी कुठलीही घ्या, रंग कुठलाही द्या. फक्त यंत्र सांभाळणाऱ्याकडून ठसा आधी मागून घ्या आणि शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहा. दोन मिनिटं लागतात. कुरिअरवाल्याला आपण त्याहून जास्त वेळ दारात उभा करतो.