साहेब, टिप्परचं बिल माझ्या घरपट्टीत?

प्रति,
रस्ते दुरुस्तीसाठी कर वाढवा असं सुचवणारे सर्व मान्यवर,
मुक्काम : जिथे बैठक असेल तिथे.

विषय : खड्डे बुजवण्यासाठी माझ्याकडून आणखी पैसे घेण्याबाबत.
संदर्भ : चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत दर पावसाळ्यात ऐकू येणारी आपली सूचना, की रस्ते चांगले हवे असतील तर लोकांनीही थोडा भार उचलला पाहिजे.

महोदय,

स. न. वि. वि. आपली सूचना मनाला भिडली. भंडारा जिल्ह्यातली माणसं मुळातच देणारी. गोसीखुर्दच्या धरणाला गावं दिली, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज दिलं, वैनगंगेची रेती तर इतकी दिली की नागपुरातल्या कित्येक स्लॅबमध्ये आमचं नदीपात्र घट्ट बसलंय. आता रस्त्यासाठी चार पैसे मागितले तर नाही कोण म्हणणार? घरपट्टीत एक रकाना वाढवा, पेट्रोलवर रुपया चढवा, नाहीतर पाणीपट्टीच्या बिलाला मागून चिकटवा. मी रांगेत उभा आहे.

अडचण एवढीच की घरातला हिशेब बायकोकडे असतो. तिनं टिनाच्या पेटीतून कागद काढले आणि म्हणाली, "अगोदरचे पैसे कुठं गेले, ते इचारलं का तुमी?" मी विचारलं, अगोदरचे कोणते? मग तिनं एकेक कागद पुढे टाकायला सुरुवात केली.

पहिला कागद दुचाकीचा. गाडी घेतानाच आम्ही एकरकमी कर भरला होता, साध्या दुचाकीलाही किमतीच्या दहा-अकरा टक्के. जीएसटी आल्यावर तूट पडेल म्हणून 2017 मध्ये राज्यानं हा कर दोन टक्क्यांनी वाढवला होता, तो मुकाट्यानं दिला. गाडी रस्त्यावर चालणार, तर रस्त्याचं भाडं नको का द्यायला?

मग पेट्रोल पंपाच्या चिठ्ठ्या निघाल्या. केंद्रानं 1998 मध्ये पेट्रोलवर लिटरमागे एक रुपया बसवला, रस्त्यांसाठीच. 2000 साली कायदा होऊन केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. 2018 च्या अर्थसंकल्पात त्याचा 'रस्ते व पायाभूत सुविधा उपकर' झाला आणि दर 8 रुपयांवर गेला. 2020 च्या मे महिन्यात, आम्ही टाळेबंदीत घरी बसलेलो आणि गाडी पडवीत उभी असताना, तो 18 रुपये झाला. पुढे उतरत उतरत मे 2022 मध्ये पेट्रोलवर 5 रुपयांवर आला, त्याबद्दल आभार. पण नाव बदललं तेव्हा कायदाही बदलला होता. रस्त्याच्या नावानं जमलेल्या या निधीतून आता पाणीपुरवठा, वीज, दवाखाने, शिक्षणसंस्थांच्या इमारती असं बरंच काही करता येतं. कामं चांगलीच आहेत, साहेब. फक्त रस्त्याचे पैसे दुसरीकडे खर्च करायची सोय करून ठेवायची आणि रस्त्याला पैसा नाही म्हणून पुन्हा माझ्याच दारात यायचं, हे गणित मला सोडवता येत नाही. बायकोला येतं, पण तिचं उत्तर पत्रात लिहिण्यासारखं नाही.

राज्याच्या अधिभाराची कथा त्याहून रसाळ. 2015 च्या दुष्काळात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये लागले. दुष्काळ होता, आम्ही दिले. 2016 ला पाऊस बरा झाला. पेट्रोलवरचा अधिभार आता उतरेल असं वाटत होतं, तर एप्रिल 2017 मध्ये तो आणखी 3 रुपयांनी चढला. कारण काय, तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली आणि तिजोरीत खड्डा पडला. मी दारूला शिवत नाही. तरी पिणाऱ्यांच्या वाट्याचा महसूल माझ्या टाकीतून भरून निघाला, याचं पुण्य मला मिळेलच. 2020 मध्ये पुन्हा वाढ, 2022 मध्ये थोडी घट, असं करत मूल्यवर्धित कराच्या 25 टक्क्यांवर 5 रुपये 12 पैसे लिटरमागे उरले. दुष्काळ गेला, दारूची दुकानं परत उघडली, 5 रुपये 12 पैसे मात्र घरच्यासारखे राहिले. वेळेवर संपलेला एकच कर मला आठवतो. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी 1971 मध्ये टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, ते 1973 च्या मार्चअखेर खरंच बंद झालं. ती चूक सरकारनं पुन्हा फारशी केली नाही.

टोलचं मी धरतच नाही. दुचाकीला तो नाही आणि भाच्याच्या चारचाकीतून साकोलीकडे गेलो, तर सेंदूरवाफ्याला भाचाच भरतो. तसं पाहिलं तर आपली सूचना जुनीच आहे. आजच्या राष्ट्रीय महामार्ग 53 ला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत, तेव्हाही मध्य प्रांतात मालगुजाराकडून शेतसाऱ्याबरोबर रस्त्याचा वेगळा उपकर घेतला जाई. इंग्रज गेले, मालगुजारी गेली, रकाना तेवढा टिकला.

असो. बायकोची पेटी बंद झाली. तिचं म्हणणं बाजूला ठेवून मी मोठ्या मनानं धरून चालतो की जुने सगळे पैसे सत्कारणी लागले आणि आता खरोखर नवे हवेत. तेव्हा प्रश्न उरतो की ते कोणाकडून घ्यायचे. यावर मी थोडा अभ्यास केला आहे, तो आपल्या बैठकीत मांडावा.

पवनी, मोहाडी, तुमसर, कुठल्याही तालुक्यात रेती घाटाकडून मोठ्या रस्त्याला येणारा डांबरी रस्ता रात्री अकरानंतर पाहावा. टिप्पर येतात ते ताडपत्री ओढून, दिवे अर्धे मालवून. रेती नुकतीच नदीतून काढलेली, ओली, मागच्या फाळक्यातून पाण्याची धार रस्त्यावर सांडत जाते. समोरून दुसरा टिप्पर आला की एकाची डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात, मुरूम बाहेर फेकला जातो आणि डांबराची कड तुटते. पहिला खड्डा कडेलाच पडतो. डांबराचा वैरी पाणी, आणि इथे पाणी वरून पावसाचं, मागून रेतीचं, असं दुहेरी. श्रावणापर्यंत रस्त्याची चिखलणी झालेली बांधी तयार असते, पऱ्हे आणून रोवायचे तेवढे बाकी.

आता वजन. दहा चाकी टिप्परला 2018 च्या नव्या मर्यादेनुसार गाडीसकट 28.5 टन परवानगी आहे. सरकारनं 2023 च्या रेती धोरणात ब्रासचा दर 600 रुपये आणि टनाचा 133 रुपये धरला, म्हणजे सरकारी हिशेबानंच एक ब्रास रेती साडेचार टनांची. रिकामी गाडी अकराएक टनांची धरली तर कायद्यात चार ब्राससुद्धा पुरते बसत नाहीत. सहा ब्रास भरले की काटा 38 टनांवर. वाढ फक्त तिसऱ्या हिश्शाची, असं रेतीवाले म्हणतील. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले आणि त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही रस्त्याचे इंजिनिअर शिकतात : आसावरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. दुप्पट वजन, सोळापट नासधूस. आपला तिसऱ्या हिश्शानं जास्त भरलेला टिप्पर रस्त्याला तिपटीहून जास्त खातो. आणि ज्या गावरस्त्यावरून तो जातो, तो बांधला होता बैलगाडी, ट्रॅक्टर आणि दिवसाकाठी मोजक्या ट्रकसाठी.

हे टिप्पर कोणी मोजू नये असं थोडंच आहे? 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. वरच्या टिप्परचा एका फेरीचा आकडा चाळीस हजारांच्या घरात जातो. घाटाच्या तोंडाशी एक धरमकाटा बसवला आणि रात्री तिथे जागणारा माणूस ठेवला, तर आपल्या घरपट्टीच्या नव्या रकान्यापेक्षा तो काटा जास्त कमावेल. माणूस जागा ठेवणं अवघड आहे, कबूल. महसुलाच्या पथकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या या जिल्ह्यानं वाचल्या आहेत. त्या मानानं माझ्या घरी वसुलीला येणं सोपं. आमच्याकडे कुत्रासुद्धा भुंकत नाही.

आणखी एक कागद नजरेखालून घालावा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. तिच्या रस्त्याची पुढली पाच वर्षं देखभाल कंत्राटदारानंच करायची, असं करारातच असतं. फाट्यावर तसा फलकही उभा असतो : लांबी, किंमत, काम पूर्ण झाल्याची तारीख, वर्षवार देखभालीची रक्कम. मी पाहिलेल्या एका फलकावर कंत्राटदाराच्या नावावर कोण्या भाऊच्या वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. ते खरवडायचा खर्च आपल्या प्रस्तावात धरला आहे का, तेवढं कळवावं.

कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांचा टोल द्यायला नकार दिला, वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि 2015 च्या अखेरीस तो रद्द करत असल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. घाबरू नये. आम्ही झाडीपट्टीची माणसं, आमची मजल फार तर खड्ड्यात धान रोवण्यापर्यंत.

तेव्हा माझ्या वाट्याचा कर मी त्याच चौथ्या घाताच्या नियमानं काढला आहे. मी आणि पिशवी धरून माझ्या दुचाकीच्या मागच्या चाकावर शंभरेक किलो. टिप्परच्या मागच्या एका आसावर कायद्यातसुद्धा दहा टनांच्या वर. वजन शंभरपट, म्हणून नुकसान दहा कोटी पट. टिप्परच्या त्या आसाला एका फेरीचे 20,000 रुपये लावले, तर त्याच प्रमाणात माझ्याकडे पैशाचा पन्नासावा भाग निघतो. पन्नास फेऱ्यांना एक पैसा. तो मी रोख भरायला तयार आहे, पण 25 पैशांपर्यंतची नाणी 2011 मध्येच चलनातून गेली, आता सर्वांत लहान नाणं पन्नास पैशांचं. म्हणजे अडीच हजार फेऱ्या होईपर्यंत कृपया थांबावं. तोवर टिप्परवाल्यांकडून वसुली सुरू ठेवण्यास माझी हरकत नाही.

आपला नम्र,
एक करदाता, मोहाडी तालुका

ता. क. : पन्नास पैशांची पावती मिळावी. बायको पेटीत ठेवणार आहे.